हेमलताचं पान

“स्वतःचंच नाव आलंय असं कोणी आहे का? असेल तर चिठ्ठी परत तांब्यात टाका आणि दुसरी घ्या,” धांडे सर म्हणाले.

कोणी उठलं नाही. आम्ही त्रेचाळीस जण आपापली चिठ्ठी मुठीत धरून बसलो होतो. सोळा मुली डावीकडे, सत्तावीस मुलं उजवीकडे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, चौऱ्याऐंशी साल. दहावीचा निरोप समारंभ बारा दिवसांवर आला होता.

माझ्या चिठ्ठीत श्रीरंग टेंभेचं नाव होतं.

मी मान वर केली आणि सवयीनं पहिल्यांदा मुलींच्या बाजूला पाहिलं. हेमलता वारकेनं चिठ्ठी उघडली, वाचली, लगेच मूठ मिटली. मग तिनं वळून मुलांच्या रांगेकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. श्रीरंगकडे.

आमच्या शाळेत एक वही होती. तिला भविष्याची वही म्हणत. दरवर्षी दहावीचा वर्ग निघाला की धांडे सर पितळी तांब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकत. ज्याला ज्याचं नाव येईल त्यानं त्याचं भविष्य लिहायचं, पंचवीस वर्षांनी तो कुठे असेल, काय करत असेल. खाली सही करायची नाही. कोणी कोणाचं लिहिलं ते कळू नये म्हणून सगळे कागद वर्गातल्या चांगल्या अक्षराच्या एकाच मुलानं वहीत उतरवून काढायचे. प्रत्येकाला एक पान. निरोपाच्या दिवशी पालकांसमोर सर ती वही वाचून दाखवत आणि मग वर्षभर गावात चर्चा चाले की अमक्याचं कोणी लिहिलं असेल.

त्या वर्षी उतरवून काढायचं काम माझं होतं. माझं अक्षर चांगलं होतं. बाकी काही चांगलं नव्हतं. गणितात काठावर, इंग्रजीत काठाच्या खाली. निबंध लिहायला बसलो की तीन ओळींनंतर संपे. पण दुसऱ्यानं लिहिलेलं काही दिलं तर मी ते असं काढून देई की बाई तो कागद भिंतीला लावत.

श्रीरंगचं उलट होतं. त्याचे वडील बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेले. तो आठवीत आमच्या वर्गात आला आणि महिन्याभरात वक्तृत्वाची ढाल घेऊन गेला. बोलायला लागला की धांडे सर खिडकीला टेकून डोळे मिटून ऐकत. मुलींशी बोलताना तो लाजत नसे. आम्ही गावातली मुलं मुलींना “ए वारके” अशी हाक मारायचो. तो “हेमलता” म्हणायचा, आणि ती ओ द्यायची.

मी आठवीपासून तिच्या वहीवर नाव घालून देत होतो. प्रत्येक वर्षी जूनमध्ये ती नवीन वह्या माझ्या बाकावर आणून ठेवी. “दिगंबर, तेवढं नाव घालून दे ना. तुझं अक्षर असलं की अभ्यास करावासा वाटतो.” सात विषयांच्या सात वह्या. मी ‘हेमलता तुकाराम वारके’ एवढं सात वेळा लिहायचो आणि वर्षभर तेवढ्यावर राहायचो.

चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सायकल स्टँडच्या बाजूनं पाण्याला चाललो होतो. पत्र्याच्या आड ती आणि श्रीरंग उभे होते. तिनं त्याच्या हातात घडी घातलेला कागद ठेवला. तो वाचायला लागला तर तिनं त्याचा हात खाली दाबला. “इथं नको, घरी जाऊन,” असं काहीतरी म्हणाली. तो हसला. मान हलवली.

माझ्या शेजारी गोपाळ भंगाळे होता. त्याला काही सुचलं की सांगितल्याशिवाय राहवत नसे.

“पाहिलं का भो? चिठ्ठी!”

“असेल अभ्यासाचं.”

“अभ्यासाचं कोणी पत्र्यामागं देतं का? तू आपला वह्यांवर नावं घालत बस.”

पाणी न पिताच मी वर्गात गेलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा ती सगळ्या वर्गाला माहीत होती. आमची शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर भुसावळ. हेमलताला सायन्सला जायचं होतं, भुसावळला तिची मावशी होती, मार्क मिळणार यात शंका नव्हती. पण तिचे वडील, ज्यांना गाव वारके दादा म्हणे, त्यांची पिठाची गिरणी होती, आणि ते हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते. हेडमास्तर दोनदा गिरणीवर जाऊन आले. दोन्ही वेळा दादांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “बघू. निरोपाला येतो मी. पोरीचं काय बोलतात लोक, ते ऐकू तर द्या.”

श्रीरंग भुसावळला जाणार हे ठरलेलंच होतं.

मी त्याच्या नावाच्या कागदावर काय लिहावं? चार दिवस विचार केला. शेवटी लिहिलं, “श्रीरंगच्या वडिलांची पुन्हा बदली होईल. तो दुसऱ्या गावाला जाईल. पंचवीस वर्षांनी त्याचं नाव इथं कोणाला आठवणार नाही.” आयुष्यात मी स्वतः रचलेलं पहिलं वाक्य हे असं होतं.

शुक्रवारी सरांनी सगळे कागद एका डब्यात घालून माझ्या हाती दिले. “रविवारी चित्रकलेच्या खोलीत बसून काढ. किल्ली शिपायाकडे आहे. आणि दिगंबर, यातलं काही बाहेर जायला नको.”

“नाही सर.”

“म्हणून तर तुला देतो.”

रविवारी सकाळी नऊला मी बसलो. काळी शाई, निब, पट्टी. खोलीत मेणाच्या खडूंचा वास. बाहेर पटांगणात मुली पताका चिकटवत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी हजेरीच्या क्रमानं कागद लावले आणि एकेक उतरवायला लागलो. गोपाळबद्दल लिहिलं होतं की तो एसटीत कंडक्टर होईल आणि स्वतःच्या आईलाही “पुढं सरका” म्हणेल. ते अक्षर श्रीरंगचं होतं. लांब शेपटीचा ‘र’, मला ओळखायला वेळ लागला नाही. सगळ्यांची अक्षरं मला ओळखता येत होती. हेमलतानं कोणाचं लिहिलं असेल म्हणून मी तिचं अक्षर शोधलं. सापडलं नाही. वाटलं, मुद्दाम वेगळं काढलं असेल.

मग तिच्या नावाचा कागद आला, आणि त्यावर पुन्हा तोच लांब शेपटीचा ‘र’.

एकाला एकच नाव येतं. श्रीरंगला गोपाळ आला होता. म्हणजे हेमलताचं नाव ज्याला आलं असेल त्याच्याकडून यानं मागून घेतलं होतं. दुसरं काय असणार? मी निब खाली ठेवली आणि वाचलं. तो मजकूर मला आजही पाठ आहे.

“हेमलता भुसावळला सायन्सला जाईल. तिथून पुढं डॉक्टर होईल, पण शहरात राहणार नाही. आपल्या गावात, वडिलांच्या गिरणीसमोरच दवाखाना काढेल. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दादा आधी समोरची पाटी वाचायला लावतील, मगच दळण घेतील. पाटी अर्थातच आपल्या दिगंबरनं रंगवलेली असेल, कारण त्याच्यासारखं अक्षर भुसावळपर्यंत कोणाचं नाही.”

मी पहिल्या चार ओळी वाचल्या तेव्हा नुसता चडफडलो. इतकं चांगलं मला सुचलं नसतं. दादांना नेमकं कुठं हात लावायचा ते याला कळलं होतं. पण शेवटच्या ओळीला माझे कान तापले. म्हणजे ती डॉक्टर, हा तिच्याबरोबर भुसावळला, आणि मी? मी शिडीवर. हातात रंगाचा डबा. खालून हे दोघं सांगणार, जरा डावीकडं घे. सगळ्या गावासमोर, माझ्याच अक्षरात, मी हे लिहून द्यायचं.

तेवढ्यात दार ढकलून हेमलता आत आली. हाताला खळ लागलेली, केसात पताकेचा तुकडा.

“झालं का रे?”

“चालू आहे.”

“माझं पान आलं?”

“सांगता येत नाही. सरांनी सांगितलंय.”

“नको सांगू.” ती दारातच उभी राहिली. जायला वळली आणि परत फिरली. “दिगंबर, जसं दिलंय तसंच लिही हं. एक शब्द इकडचा तिकडं करू नको.”

“मी कशाला करू?”

“तसं नाही. आणि अक्षर जरा मोठं काढ. सरांना चष्मा लागलाय, अडखळायला नकोत. दादा येणार आहेत मंगळवारी.”

ती गेली. मी तो कागद हाताखाली दाबून धरला होता, तो ओला झाला होता.

म्हणजे तिला माहीत होतं त्यात काय आहे. त्यानं तिला दाखवलं होतं. कदाचित दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, पत्र्यामागं. आणि ती मला सांगायला आली होती की तुझं काम नीट कर.

मला काय होणार ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दादा काय ऐकायला येणार आहेत ते मला माहीत होतं. ती भुसावळला गेली तर कोणाबरोबर जाईल तेही माहीत होतं. मी नवीन पान उघडलं, वर ‘हेमलता तुकाराम वारके’ असं लिहिलं, वर्षानुवर्षं लिहीत आलो तसं, आणि खाली माझ्या मनानं लिहिलं.

“हेमलता कुठंही जाणार नाही. आपल्याच गावात चांगल्या घरी नांदेल. तिच्या हातची शेवभाजी खायला सगळा वर्ग दरवर्षी तिच्याकडे जमेल आणि तिच्या सासूला भाकरी थापून थापून कंटाळा येईल.”

सासूची ओळ सुचली तेव्हा मला बरं वाटलं. लोक हसतील असं वाटलं. श्रीरंगचा कागद मी बारीक फाडला आणि ब्रश धुवायच्या पाण्यात टाकला. शाई सुटली आणि पाणी निळं झालं.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढं पालक, मागं नववीची मुलं. दादा वारके पहिल्याच ओळीत बसले होते, धुतलेलं धोतर, मानेजवळ पिठाची पांढरी रेघ तशीच. हेडमास्तर त्यांच्या शेजारी मुद्दाम येऊन बसले.

सर वाचायला लागले. गोपाळच्या पानाला गोपाळची आई इतकी हसली की पदर तोंडात घालावा लागला. श्रीरंगचं पान वाचलं तेव्हा हसू आलं नाही कोणाला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग श्रीरंगच मोठ्यानं हसला आणि म्हणाला, “सर, लिहिणाऱ्याला माझं नाव पंचवीस वर्षं तरी लक्षात राहणार!” सगळे हसले. टाळ्या पडल्या. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. तेव्हा त्याच्याबद्दल मला जे वाटलं ते अजून सांगायला लाज वाटते.

पुढचं पान हेमलताचं.

ती मुलींच्या ओळीत पहिली बसली होती. सरांनी तिचं नाव वाचलं तशी ती ताठ झाली. तिनं वडिलांकडं पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता, जसा पेपर हातात पडायच्या आधी होतो.

सरांनी वाचलं. “हेमलता कुठंही जाणार नाही.”

मी श्रीरंगकडं पाहत होतो. त्याचं तोंड उघडं पडलं. मला तेच हवं होतं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. सासूच्या ओळीला पटांगणभर हशा झाला आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज दादांचा होता. त्यांनी हेडमास्तरांच्या मांडीवर थाप मारली.

“घ्या मास्तर! वर्गातल्या पोरांनासुद्धा कळतं. तुम्हालाच कळेना!”

हेडमास्तर काहीतरी बोलायला गेले. दादा म्हणाले, “राहू द्या आता. झालं ते झालं. पोरगी शेवभाजी करते बाकी छान, एकदा या जेवायला.”

मग मी पाहिलं. हेमलता हसत होती. सगळे हसतात तशी. आणि हसता हसता तिनं मान वळवून मागं पाहिलं, खांबाकडं. मी नजर काढून घेतली.

कार्यक्रम संपल्यावर श्रीरंगनं मला चित्रकलेच्या खोलीपाशी गाठलं.

“हेमलताचा कागद कुठं आहे?”

“त्यावर रंग सांडला. वाचता येईना. मग मी आपलं काहीतरी लिहिलं.”

“मला विचारायचं.”

“कोणी लिहिलंय ते मला काय माहीत?”

“दिग्या, तू काय केलंस ते तुला कळलंय का?” त्यानं माझी कॉलर धरली. तो कधी कोणाच्या अंगावर जात नसे. मला वाटलं, एकदाचा मारू दे, म्हणजे मलाही मारता येईल. पण मागून हेमलताचा आवाज आला.

“श्रीरंग. सोड त्याला.”

“अगं पण यानं…”

“सोड म्हटलं ना. तुला शपथ आहे.”

त्यानं हात काढला. ती माझ्याकडं न बघता निघून गेली, पताका गोळा करायला. मी त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेलो. मी जिंकलो होतो.

हेमलताला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. शाळेत पहिली. पेढे वाटले आणि जूनपासून ती गिरणीवर बसायला लागली. श्रीरंग भुसावळला गेला, दोन वर्षांनी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंबच नाशिकला गेलं. मी पाट्या रंगवायला लागलो. दुकानांच्या, शाळांच्या, देवळांच्या. पाच वर्षांनी माझ्या काकांनी वारके दादांकडं माझ्यासाठी शब्द टाकला. पोरगा निर्व्यसनी, गावातला, हातात कला. दादा लगेच हो म्हणाले. तिला विचारलं का, असं मी काकांना विचारलं. “विचारलं. ती म्हणाली चालेल,” काका म्हणाले.

लग्नानंतर दिगंबरचं “अहो” झालं. पस्तीस वर्षं आम्ही संसार केला. वाईट नव्हता. ती कमी बोलायची, पण अबोला धरणारी नव्हती. शेवभाजी खरंच चांगली करायची. गोपाळ दरवर्षी जेवायला यायचा आणि दरवर्षी तोच विनोद करायचा. ती हसायची.

तिची एक सवय होती. मी पाटी पूर्ण केली की गिऱ्हाईकाच्या हवाली करण्याआधी ती गिऱ्हाईकानं लिहून दिलेला कागद घेऊन पाटीसमोर पाटावर बसायची. एकेक शब्द बोट ठेवून कागदावर वाचायची आणि मग पाटीवर वाचायची. सगळं झालं की विचारायची, “जसं दिलं तसंच आहे ना?” मी म्हणायचो, “आहे.” मग ती कागदाची घडी घालून मला द्यायची. एकही पाटी तिनं न ताडता गेली नाही. हात भाजलेला असो, पाहुणे आलेले असोत.

एकदा मी वैतागलो. “तीस वर्षांत माझा एक काना चुकला नाही. कशाला बसतेस?”

“अक्षराचं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “मजकुराचं म्हणते.”

मला त्यात काही कळलं नाही. बायका करतात तशी काळजी, असं वाटलं.

आणखी एकदाच ती वेगळ्या आवाजात बोलली. आमच्या मुलीला, अश्विनीला, पुण्याला जायचं होतं शिकायला. मी म्हणालो, एवढं लांब कशाला, जळगावला काय वाईट आहे? हेमलता भाजी निवडत होती. तिनं विळी बाजूला केली.

“या वेळी नाही,” ती म्हणाली.

“या वेळी म्हणजे?”

तिनं विळी पुन्हा पुढं ओढली. अश्विनी पुण्याला गेली.

मागच्या मार्गशीर्षात हेमलता गेली. किडनीचं दुखणं होतं, दोन वर्षं चाललं. भुसावळच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा न्यायचो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. हेमलता तिच्याशी खूप गप्पा मारायची. तिला विचारायची, “तुझ्या नावाची पाटी कोणी रंगवली गं?” ती मुलगी हसायची. “काकू, आता पाट्या छापून येतात.” मी तेव्हा बाहेरच्या बाकावर रिपोर्ट हातात धरून बसलेला असे. ऐकू यायचं सगळं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी श्रीरंग आला. दुपारची वेळ होती. मला आधी ओळखूच आला नाही. डोक्यावर केस नाहीत, हातात काठी. गोपाळकडून कळलं म्हणाला. चहा मीच केला. तिच्या फोटोसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग आम्ही ओट्यावर बसलो आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“श्रीरंग, तेव्हा रंग सांडला नव्हता,” मी म्हणालो. “तू लिहिलेलं तिचं पान मी फाडलं.”

“माहीत आहे.”

“मला तुझा राग होता. तू तिच्याबद्दल इतकं चांगलं लिहिलंस…”

“मी?” त्यानं कप खाली ठेवला. “मी कुठं लिहिलं?”

“तुझं अक्षर होतं.”

“अक्षर माझं होतं.” तो माझ्याकडं पाहत राहिला. “तिनं तुला कधी सांगितलं नाही?”

“काय?”

“अरे, तिला स्वतःचंच नाव आलं होतं. तिनं परत टाकलं नाही. स्वतःच लिहिलं. सायकल स्टँडपाशी माझ्या हातात कागद ठेवला, म्हणाली, माझं अक्षर दिगंबर लांबून ओळखतो, त्याला कळलं तर मला लाज वाटेल. तू उतरवून दे आणि डब्यात टाक. मी उतरवून दिलं, बाबा. एक शब्द माझा नव्हता त्यात. वडिलांनी ऐकावं म्हणून तिनं आठ वेळा लिहून आठ वेळा खोडलं होतं.”

त्रेचाळीस मुलं होती. तिच्या अक्षराचा एकही कागद डब्यात नव्हता, श्रीरंगच्या अक्षराचे दोन होते. मी सगळ्यांची अक्षरं ओळखत होतो आणि मला एवढं समजलं नव्हतं.

“आणि ती शेवटची ओळ?” मी विचारलं. “माझ्या पाटीची?”

“तिचीच. मी म्हटलं होतं, ही काढून टाक, तुझ्या वडिलांसमोर कशाला त्याचं नाव? तर म्हणाली, राहू दे. माझं भविष्य आहे, त्यात कोण असावं ते मी ठरवीन.”

समोरून दळणाचे डबे घेऊन दोन बायका गेल्या. त्यांनी मला पाहून पदर सावरला. मी त्यांना ओळखलं नाही.

“मग तिला कळलं असेल,” मी म्हणालो. “मी बदललं ते.”

“सर वाचत होते तेव्हाच. दुसरं कोण बदलणार होतं? मी तुला मारणार होतो, तिनं शपथ घातली. कोणाला बोलायचं नाही म्हणाली. तुलासुद्धा नाही.”

“का?”

“ते मला नाही सांगितलं,” श्रीरंग म्हणाला. “मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला सांगितलं असेल.”

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. तिथं आता नवीन बाई हेडमास्तर आहेत. निरोप समारंभाला हल्ली स्पीकर लावून नाचतात, भविष्याची वही केव्हाच बंद पडली. पण ग्रंथालयाच्या कपाटात जुन्या वह्या निघाल्या. आमच्या वर्षाची वही वाळवीनं कडेला खाल्ली होती. पान सापडलं. वर तिचं नाव, खाली माझा मजकूर. शाई अजून काळी होती.

बाई म्हणाल्या, “काका, तुमचंच अक्षर ना हे? ओळखू येतं.”

मी त्यांना विचारलं, समोरच्या कोऱ्या बाजूला थोडं लिहिलं तर चालेल का. त्या चालेल म्हणाल्या. मी खिडकीपाशी बसलो. ओळी सरळ याव्यात म्हणून पट्टी लावून घेतली. भुसावळपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं लिहिलं. अक्षर मोठं काढलं.

लिहून झाल्यावर मी वही थोडी लांब धरली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. ताडून पाहायला कागद नव्हता. तो मीच पाण्यात टाकला होता. तरी शेवटपर्यंत वाचलं, आणि वाचून झाल्यावर तसाच बसून राहिलो, कोणीतरी विचारेल म्हणून.